नाव सारखं, घराणं वेगळं: एक्सेलच्या मॅक्रोमधली जुळी फंक्शन्स

करपात्र रक्कम २५० रुपये. त्यावर ९ टक्के सीजीएसटी आणि ९ टक्के एसजीएसटी, म्हणजे प्रत्येकी २२ रुपये ५० पैसे. पूर्ण रुपयात हा कर किती झाला? शीटवरच्या राउंडला विचारलं तर २३. मॅक्रोतल्या राउंडला विचारलं तर २२.

बिलांच्या रजिस्टरसाठी मी पहिला मॅक्रो लिहिला तेव्हा शीटवरची बेरीज आणि मॅक्रोची बेरीज यांत चार रुपयांचा फरक आला. फॉर्म्युले तपासले, लपवलेल्या ओळी उघडून पाहिल्या, कुठे आकडा टेक्स्ट म्हणून बसलाय का तेही पाहिलं. शेवटी प्रिंट काढून पेन्सिलीने एकेक बिल टिक करत गेलो आणि दोन बिलांवर अडकलो. एक २५० चं, दुसरं ४५० चं. दोन्हींवर दोन्ही कर एकेका रुपयाने कमी. मॅक्रोत चूक नव्हती, शीटवरही नव्हती. राउंड नावाची दोन वेगळी फंक्शन्स आहेत हेच मला माहीत नव्हतं.

तेव्हापासून सारख्या नावाचं फंक्शन दिसलं की ते आधी इमीजिएट विंडोत तपासायचं, ही सवय लागली. ऑल्ट आणि एफ११ दाबून एडिटर उघडायचा, कंट्रोल-जी दाबायचं, प्रश्नचिन्ह टाकून फंक्शन लिहायचं आणि एंटर मारायचं. उत्तर लगेच खाली येतं. खालचं बहुतेक सगळं तुम्ही तिथेच पडताळून पाहू शकता.

दोन घराणी कुठून आली

शीटवरच्या फंक्शन्सची परंपरा स्प्रेडशीटची आहे. १९७९ चं व्हिसीकॅल्क, १९८३ चं लोटस १-२-३, १९८५ चं मॅकिंटॉशवरचं एक्सेल अशी ती येते. हिशेबनीस, विमावाले, अभियंते यांना कागदावर जशी उत्तरं लागत, तशी ती देणं हे या फंक्शन्सचं काम.

मॅक्रोची भाषा व्हीबीए दुसऱ्या घरची. तिचं मूळ बेसिक या भाषेत आहे. जॉन केमेनी आणि थॉमस कर्ट्झ यांनी ती १९६४ मध्ये अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात विद्यार्थ्यांसाठी तयार केली. १९९३ साली एक्सेल ५ सोबत व्हीबीए आलं आणि दोन घराणी एका छताखाली राहू लागली. दोघांकडे स्वतःचा ट्रिम होता, स्वतःचा लॉग होता, पुढे राउंडही दोघांकडे स्वतःचा झाला. कोणीच आपलं नाव बदललं नाही.

मॅक्रोत नुसतं राउंड लिहिलं की बेसिकच्या घरचा राउंड येतो. शीटचा हवा असेल तर आधी वर्कशीटफंक्शन लिहून, टिंब देऊन, मग राउंड लिहावं लागतं. घोटाळ्याचं मूळ या एवढ्याशा फरकात आहे.

राउंड: अर्ध्या रुपयाचा प्रश्न

शाळेत आपण शिकलो की अर्धा आला की वर जायचं. शीटचा राउंड तसंच करतो: २.५ चे ३, ३.५ चे ४. व्हीबीएचा राउंड बरोबर अर्धा आला की जवळच्या सम संख्येकडे जातो: ०.५ चा ०, १.५ चे २, २.५ चेही २, ३.५ चे ४. इंग्रजीत याला बँकर्स राउंडिंग म्हणतात.

ही पद्धत वेडगळ नाही. ०.५, १.५, २.५ आणि ३.५ यांची खरी बेरीज ८. शाळेच्या रीतीने प्रत्येक आकडा आधी पूर्ण केला तर १, २, ३, ४ मिळून १० होतात. सम संख्येच्या रीतीने ०, २, २, ४ मिळून पुन्हा ८ च. हजारो आकडे मिळवायचे असतील तेव्हा बेरीज सारखी वरच्या बाजूला झुकू नये, यासाठी ही रीत आहे. आकडेशास्त्रात ती शहाणपणाचीच आहे.

पण बिल म्हणजे आकडेशास्त्र नव्हे. केंद्रीय वस्तू व सेवा कर कायदा, २०१७ चं कलम १७० स्पष्ट सांगतं की ५० पैसे किंवा त्याहून जास्त असतील तर पुढचा पूर्ण रुपया धरायचा आणि कमी असतील तर ते सोडून द्यायचे. त्यामुळे २२.५० चे २३ च व्हायला हवेत. करपात्र रक्कम ५०, २५०, ४५० असेल तिथे व्हीबीएचा राउंड रुपया कमी देतो. १५०, ३५०, ५५० असेल तिथे दोघांचं उत्तर एकच येतं. म्हणूनच ही चूक लवकर सापडत नाही. तुम्ही तपासायला नेमकं ३५० चं बिल घेतलंत तर सगळं बरोबरच दिसणार.

आणखी दोन फरक ध्यानात ठेवा. शेकड्यात पूर्ण करायचं असेल तर शीटच्या राउंडला उणे दोन सांगता येतं, १२३४ चे १२०० होतात. व्हीबीएचा राउंड उणे अंक घेतच नाही, तिथे एरर ५ येऊन मॅक्रो थांबतो. दुसरं म्हणजे व्हीबीएतलं फॉरमॅट हे फंक्शन २.५ चे ३ करतं. म्हणजे एकाच घरात राउंड एक सांगतो आणि फॉरमॅट दुसरं. छापलेल्या बिलावर फॉरमॅटचा आकडा आणि बेरजेत राउंडचा आकडा गेला, तर बिलावरचीच बेरीज चुकलेली दिसते.

सीइंट आणि सीलाँग हीसुद्धा सम संख्येकडेच जातात. त्यात सीइंटला ३२,७६७ ची मर्यादा आहे. ४०,००० रुपयांची रक्कम त्यात घातली की ओव्हरफ्लो, एरर ६. पैसे नुसते तोडायचे असतील तर इंट आणि फिक्स आहेत. अधिक आकड्यांवर दोघांचं उत्तर एकच असतं, उणे आकड्यांवर वाटा फुटतात. उणे ८.४ चं इंट उणे ९ होतं, फिक्स उणे ८. क्रेडिट नोट असलेल्या प्रत्येक रजिस्टरला हा फरक जाणवतो.

ट्रिम: मधल्या जागेचं काय

गावांच्या यादीत कोणीतरी ‘पिंपळगाव’ आणि ‘बसवंत’ यांच्यामध्ये स्पेसबार दोनदा दाबला आहे. शीटचा ट्रिम मागच्या-पुढच्या मोकळ्या जागा काढतो, शिवाय मधल्या दोन जागांची एक करतो. व्हीबीएचा ट्रिम फक्त कडा साफ करतो, मधल्या दोन जागा तशाच ठेवतो. मग मॅक्रो मुख्य यादीशी तुलना करतो आणि ते गाव ‘सापडलं नाही’ म्हणून बाजूला पडतं. नावं आणि पत्ते साफ करायचे असतील तर शीटचाच ट्रिम बोलवावा.

वेबपेजवरून कॉपी केलेल्या मजकुरात १६० क्रमांकाची एक न तुटणारी मोकळी जागा येते. ती दिसते साध्या जागेसारखीच, पण तिला कोणताच ट्रिम हात लावत नाही. आधी रिप्लेस करून तिच्या जागी साधी जागा आणावी, मग ट्रिम करावं.

डेटडिफ आणि डेटेडइफ: वय कोणी मोजायचं

मला सगळ्यात धोकादायक वाटणारी जोडी ही. इथे आकड्यामागे माणूस असतो: पहिलीत प्रवेश घेणारं मूल, निवृत्तीला आलेला कर्मचारी, पेन्शनची वाट पाहणारी आजी.

एका मुलीचा जन्म ३१ डिसेंबर २०१८ चा आहे असं धरा. १ जानेवारी २०२४ ला तिची पूर्ण झालेली वर्षं ५. शीटवरचं डेटेडइफ ५ च सांगतं. व्हीबीएच्या डेटडिफला वर्षाचं चिन्ह देऊन विचारलं तर ते ६ सांगतं. कारण डेटडिफ पूर्ण झालेली वर्षं मोजत नाही, वर्षाची सीमा किती वेळा ओलांडली ते मोजतं. ३१ डिसेंबर ते १ जानेवारी या एका दिवसालाही ते एक वर्ष म्हणतं. महिन्यांचंही तसंच, ३१ जानेवारी ते १ फेब्रुवारी म्हणजे त्याच्या लेखी एक महिना.

चिन्हांचा घोळ वेगळाच. डेटेडइफमध्ये वर्षासाठी एकच वाय लिहितात, डेटडिफमध्ये चार वाय. सवयीने डेटडिफमध्ये एकच वाय लिहिलात तर त्याचा अर्थ ‘वर्षातला दिवस’ असा होतो आणि उत्तर दिवसांत येतं. वरच्या मुलीचं वय मग १८२७ येईल. ही चूक निदान डोळ्यांत भरते. वय पाचाऐवजी सहा आलं तर ते कोणाच्याच डोळ्यांत भरत नाही.

डेटेडइफ लोटसशी मेळ राहावा म्हणून एक्सेलमध्ये ठेवलेलं फंक्शन आहे. टाइप करताना ते सूचनांच्या यादीत दिसत नाही आणि वर्कशीटफंक्शन लिहून मॅक्रोतून त्याला बोलावताही येत नाही. वर्षं आणि महिने वगळून उरलेले दिवस मोजण्यासाठी त्यात ‘एमडी’ हे चिन्ह आहे, पण त्याची उत्तरं चुकू शकतात, असं मायक्रोसॉफ्टनेच सांगून ठेवलं आहे. म्हणून मॅक्रोत मी वय असं काढतो: डेटडिफने वर्षं काढायची, मग यंदाचा वाढदिवस डेटसीरियलने बांधायचा आणि तो अजून आलेला नसेल तर एक वर्ष वजा करायचं. दोन ओळी जास्त लिहाव्या लागतात, पण मुलीचं वय बरोबर येतं.

मॉड, लॉग आणि रँड

शीटचा लॉग दहाच्या पायावर चालतो, १०० चा लॉग २. व्हीबीएचा लॉग नैसर्गिक, १०० चा लॉग सुमारे ४.६०५. विज्ञान शाखेच्या कोणी हा फरक न पाहता आलेख काढला तर सगळा आलेख फुगतो.

मॉड म्हणजे बाकी. उणे ७ ला ३ ने भागल्यावर शीट बाकी २ सांगते, व्हीबीए उणे १. अपूर्णांक असेल तर व्हीबीए आधी तो पूर्ण करून घेतं आणि मग भागतं. म्हणून १०.६ आणि ३ यांची बाकी शीटवर १.६ येते, व्हीबीएत २.

शीटचं रँड आणि व्हीबीएचं आरएनडी यांचा फरक सोसायट्यांनी जरूर समजून घ्यावा. पार्किंगची सोडत मॅक्रोने काढणार असाल आणि आधी रँडमाइझ ही ओळ लिहिली नसेल, तर एक्सेल बंद करून नव्याने उघडल्यावर आरएनडी दर वेळी आकड्यांचा तोच क्रम देतं. ज्याने घरी एकदा चालवून पाहिलं, त्याला निकाल आधीच माहीत असतो. लोकांसमोर काढायच्या सोडतीत ही ओळ सगळ्यांना दाखवून लिहावी.

व्हीलुकअप बोलावण्याच्या दोन वाटा

इथे फंक्शन एकच, शीटचंच, पण मॅक्रोतून त्याला दोन दारांनी बोलावता येतं. ॲप्लिकेशन टिंब व्हीलुकअप लिहिलं आणि शोधलेली गोष्ट सापडली नाही, तर हातात एक एरर-व्हॅल्यू येते. इझएरर लावून ती तपासता येते आणि मॅक्रो पुढे जातो. वर्कशीटफंक्शनच्या दाराने गेलात आणि सापडलं नाही, तर एरर १००४ येतो आणि मॅक्रो जागेवर थांबतो.

थांबणं हा खरा धोका नाही. मॅक्रो थांबतो म्हणून लोक वर ‘ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट’ लिहून टाकतात, म्हणजे चूक आली तरी पुढच्या ओळीवर जा. असा लूप यादीवरून खाली उतरताना पाहा. पहिल्या ओळीत तांदूळ, दर सापडला, ५८. दुसऱ्या ओळीत मालाचं नाव चुकीचं टाइप झालेलं, दर सापडला नाही, चूक गिळली गेली आणि दराच्या व्हेरिएबलमध्ये आधीचे ५८ तसेच राहिले. त्या मालासमोर तांदळाचा दर छापला जातो. लाल खूण नाही, एरर नाही, रिकामी सेल नाही. दिसायला अगदी धडधाकट आकडा. असा आकडा ऑडिटमध्येही सहसा सुटून जातो, आणि म्हणून मी मॅक्रोत नेहमी पहिलंच दार वापरतो.

एकाच घरातली भावंडं: व्हॅल्यू, व्हॅल्यू-टू आणि टेक्स्ट

सेलमधला आकडा वाचण्याचे हे तीन मार्ग. व्हॅल्यू-टू आतला कच्चा आकडा देतं. व्हॅल्यू सेलचं फॉरमॅट पाहतं, तारीख असेल तर तारीख म्हणून देतं आणि चलनाचं फॉरमॅट असेल तर करन्सी प्रकारात देतं. करन्सी प्रकार दशांशानंतर चारच अंक ठेवतो. म्हणजे चलन फॉरमॅटच्या सेलमध्ये ०.१२३४५६ असेल तर व्हॅल्यू ०.१२३५ देतं. तो दर पुढे लाखाने गुणलात तर फरक रुपयांत जातो. दर आणि गुणक वाचायला म्हणून व्हॅल्यू-टूच घ्यावं.

टेक्स्ट मात्र डोळ्यांना जे दिसतं तेच देतं. कॉलम अरुंद असल्यामुळे सेलमध्ये चौकटीच्या खुणा दिसत असतील तर मॅक्रोलाही त्या खुणाच मिळतात. गुगल शीट्सच्या ॲप्स स्क्रिप्टमध्ये गेटव्हॅल्यू आणि गेटडिस्प्लेव्हॅल्यू ही अशीच जोडी आहे.

तारीख: पाच एप्रिल की चार मे

सीएसव्ही फाइल हाताने डबल-क्लिक करून उघडली तर एक्सेल विंडोजच्या सेटिंगप्रमाणे तारीख वाचतं. भारतीय सेटिंगमध्ये ०५/०४/२०२४ म्हणजे ५ एप्रिल. तीच फाइल मॅक्रोतून वर्कबुक्स ओपन वापरून उघडली तर ती अमेरिकी रीतीने, आधी महिना मग दिवस, अशी वाचली जाते. त्याच तारखेचा ४ मे होतो. २५/०४/२०२४ मधला २५ वा महिना अस्तित्वातच नाही, म्हणून ती तारीख टेक्स्ट होऊन सेलच्या डाव्या कडेला चिकटते.

हिशेब करून पाहा. प्रत्येक महिन्याचे पहिले १२ दिवस, म्हणजे वर्षाच्या १४४ तारखा, उलट्याही वाचता येतात. त्यांतल्या १२ उलट्या वाचूनही त्याच राहतात, जसं ०७/०७. उरलेल्या १३२ तारखा गुपचूप चुकतात. बाकीच्या टेक्स्ट होतात आणि निदान डावीकडे सरकून स्वतःची खबर देतात. एप्रिलच्या पहिल्या १२ दिवसांत आलेलं पेमेंट वर्षभरात विखुरतं. एकही रुपया हरवत नाही, तरी एकाही महिन्याचा ताळा लागत नाही.

उपाय अगदी छोटा आहे: ओपन करताना लोकल हा पर्याय ट्रू द्यायचा.

मजकुरातून तारीख बनवतानाही असाच सावधपणा हवा. सीडेट सेटिंगवर अवलंबून असतं, शिवाय फार समजूतदार आहे. भारतीय सेटिंगमध्ये ०४/२५/२०२४ दिलं तरी ते न बोलता २५ एप्रिल करून घेतं. चुकीची तारीख पकडायची असेल तर हा समजूतदारपणा नडतो. डेटसीरियलला वर्ष, महिना, दिवस वेगवेगळे द्यावे लागतात, त्यामुळे गोंधळाला जागा नाही. फक्त ते ३० फेब्रुवारी २०२४ नाकारत नाही, तिचा १ मार्च करतं. याच गुणाचा फायदाही होतो. एप्रिलचा शून्यावा दिवस मागितला की ३१ मार्च मिळतो, आर्थिक वर्षाचा शेवट.

सीएचआर आणि सीएचआर-डब्ल्यू: मराठी अक्षरांची वाट

मराठीत काम करणाऱ्यांनी ही जोडी पाठच करावी. सेलमध्ये देवनागरी नीट दिसते, पण व्हीबीएच्या एडिटरला युनिकोड समजत नाही. तिथे ‘गाव’ टाइप केलंत की प्रश्नचिन्हं उमटतात. अक्षराचा क्रमांक देऊन अक्षर मिळवायचं, तर सीएचआरची धाव २५५ पर्यंतच. ‘अ’ चा क्रमांक २३०९. सीएचआरला तो दिला की एरर ५. सीएचआर-डब्ल्यूला दिला की सेलमध्ये ‘अ’. उलट दिशेला एएससी ‘अ’ चा क्रमांक ६३ सांगतं, तो प्रश्नचिन्हाचा क्रमांक आहे. एएससी-डब्ल्यू २३०९ सांगतं. शीटवर यांच्या जोडीला एक्सेल २०१३ पासून युनिकॅर आणि युनिकोड ही फंक्शन्स आहेत.

प्रत्येक शब्द क्रमांकांनी बांधण्याची गरज नाही. मी एका वेगळ्या शीटवर शीर्षकं, महिन्यांची नावं, तालुक्यांची नावं देवनागरीत लिहून ठेवतो आणि मॅक्रो ती तिथून उचलतो. व्हेरिएबलमध्ये मराठी मजकूर सुरक्षित राहतो. मेसेजबॉक्सने दाखवायला गेलात तर मात्र सहसा पुन्हा प्रश्नचिन्हं, म्हणून मराठी सूचना सेलमध्येच द्यावी.

अक्षरं मोजण्यात दोन्ही घराण्यांचं एकमत आहे, पण ते आपल्या समजुतीशी जुळत नाही. ‘कृष्णा’ ही आपल्या लेखी दोन अक्षरं, दोन्हीकडचं लेन ६ सांगतं: क, ऋकाराची खूण, ष, हलन्त, ण, काना. ‘श्रीकांत’ मधलं पहिलं अक्षर लेफ्टने मागितलं तर ‘श्री’ मिळत नाही, नुसता ‘श’ मिळतो. मराठी टायपिंगमध्ये ८२०४ आणि ८२०५ क्रमांकाच्या न दिसणाऱ्या जोडखुणाही शब्दात शिरतात. व्हीबीए मुळात क्रमांकाला क्रमांक जुळवून तुलना करतं, त्यामुळे डोळ्यांना सारखी दिसणारी दोन नावं त्याला वेगळी वाटतात. तुलनेआधी त्या खुणा रिप्लेसने काढाव्यात.

हीच गोष्ट टेक्स्ट फाइल लिहिताना पुन्हा समोर येते. ओपन आणि प्रिंट या जुन्या बेसिकच्या आज्ञा मराठी नावांची प्रश्नचिन्हं करून फाइलमध्ये टाकतात आणि मूळ मजकूर त्या फाइलमधून परत मिळत नाही. एडीओडीबीचं स्ट्रीम घ्यायचं, चारसेट यूटीएफ-८ ठेवायचा आणि मजकूर त्यातून लिहायचा. मग ‘पिंपळगाव बसवंत’ फाइलमध्येही पिंपळगाव बसवंतच राहतं.